दानूचा विरोध

दानू, तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण राहिलं, हे सगळं छापून झालंय. चर्चच्या फलकावर लागलंय, व्हॉट्सॲपवर फिरलंय, आणि त्यात तुझं वय एका वर्षानं चुकलंय. तू असतास तर दुरुस्त करायला लावलं असतंस. मी काही ते केलं नाही. माझ्यापुढं दुसरीच दुरुस्ती होती.

तुला माती देऊन आम्ही परत आलो, तशी एस्तेर माझ्याजवळ आली. तुझी ही लेक लग्न करून आष्टीला गेली, तिथल्या चर्चच्या मंडळीत रुळली, पण बोलणं अजून आपल्या घाटाखालचंच. म्हणाली, "काका, बाबा सगळ्यांना सांगायचे की मंडळी फुटली तवा मी विरोध केलता, आन ते सभेच्या वहीत लिहिलेलं हाय. रविवारी स्मरणाच्या उपासनेत तेवढं वाचून दाखवा. सासरची मंडळी येणार हायत. एकदा त्यांच्या कानावर पडू द्या." मी हो म्हणालो. चिटणीस मी, वही माझ्या कपाटात, हो म्हणायला मला जड काय होतं.

जड एवढंच, की वहीत ते नाही. तू तुझा विरोध नोंदवायला सांगितला होतास आणि मी तो लिहिला नव्हता. ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. तीसेक वर्षं झाली असतील. आता सांगतोय, म्हणजे तुझी सोय बघून सांगतोय असं नाही. तू उलट बोलू शकत नाहीस, हे माझ्या पथ्यावरच पडलंय.

आपण दोघं साडू. त्याआधी एका वर्गातले, आणि त्याहीआधी धारूरच्या घाटाखालच्या एकाच वस्तीतले. मामांची थोरली सुमन तुला दिली, धाकटी मालन मला. मामा आपले सासरे आणि मंडळीतले सगळ्यात जुने वडील. वडील म्हणजे बाप नव्हे, हे परक्या माणसाला नेहमी समजावून सांगावं लागतं. आपण प्रेस्बिटेरियन. आपल्यात मूळचा बिशप नाही. मंडळी आपल्यातली काही माणसं वडील म्हणून निवडते, ते आणि पाळक, म्हणजे धर्मगुरू, मिळून कारभार बघतात, आणि एकदा वडील झालेला माणूस मरेपर्यंत वडीलच असतो. तू आणि मी एकाच रविवारी वडील झालो. माझं अक्षर चांगलं म्हणून मला चिटणीस केलं. खरं तर तुझं अक्षर माझ्याहून चांगलं होतं, पण तू अंबाजोगाईला कंपाउंडर, तुझ्या ड्युटीच्या वेळा फिरत्या. मी मास्तर, रविवारी हमखास रिकामा.

आपल्या सभेचा एक नियम आहे. ठराव पास झाला आणि एखाद्या वडिलाला तो पटला नसेल, तर त्यानं तिथल्या तिथं म्हणायचं, "माझा विरोध नोंदवा." चिटणिसानं त्याचं नाव इतिवृत्तात लिहायचं. ठराव बदलत नाही, काही नाही, फक्त नाव लागतं. उठून बाहेर गेल्यावर म्हटलं तर चालत नाही, दुसऱ्या दिवशी म्हटलं तर चालत नाही. ही पद्धत जालन्याकडून आलेल्या स्कॉच मिशनरी साहेबांनी आपल्याला लावली, आणि अख्ख्या बीड जिल्ह्यात तिचा तुझ्याएवढा वापर कुणी केला नसेल. सतरंज्या काढून खुर्च्या आणायचं ठरलं, तुझा विरोध. नाताळचा तारा मनोऱ्यावरून उतरवून फाटकावर लावायचं ठरलं, तुझा विरोध. भोंग्याला विरोध, भिंतीच्या पिवळ्या रंगाला विरोध. मी एकदा वैतागून म्हणालो, "दान्या, तुझ्या नावाचा रबरी शिक्काच करून घेतो." तू शांतपणे म्हणालास, "घे की. शाई लई लागंल पण."

आणि खुर्च्या भरून ट्रॅक्टर आला तेव्हा उतरवून घ्यायला सगळ्यात आधी तूच उभा. मी विचारलं, तुझा तर विरोध होता. म्हणालास, "लिहून घेतलास न्हवं? मग झालं की. आता त्या टोकाला धर." दोन्ही हातांत दोन दोन खुर्च्या घेऊन तू आत गेलास. पुढं तीस वर्षं त्या खुर्च्यांवर बसून, सतरंजीच बरी होती असं म्हणत राहिलास.

मला तेव्हा वाटायचं, हा नुसता हेकट माणूस आहे. हेकट तू होतासच, ते काही मेल्यामुळं कमी होत नाही. पण तुझ्या हेक्यामागं एक हिशेबशीर विचार होता आणि तो तू चर्चच्या इतिहासाच्या एका जाड इंग्रजी पुस्तकातून काढला होतास. जालन्याकडच्या कुठल्याशा बंगल्याच्या रद्दीतून ते निघालं होतं, सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्लेली. त्यावरून तू जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं रेघा काढायचास. कोणती मंडळी कधी फुटली, कोणती कुणात मिसळली. हळूहळू त्या रेघांचं इतकं जाळं झालं की सुमनवहिनी म्हणायच्या, ह्यांनी भिंतीवर महावितरण टांगलंय.

आपल्याकडच्या माणसाला भावकीची वाटणी बरोबर कळते, म्हणून तू तसंच सांगायचास. स्कॉटलंडात एक थोरलं घर होतं, सरकारमान्य. गावात पाळक कोण नेमायचा ते तिथला जमीनदार ठरवायचा. काही जण म्हणाले, आमचा पाळक आम्ही निवडणार. बरीच वर्षं भांडले आणि मग घर, पगार, चर्च, सगळं सोडून शेकड्यांनी बाहेर पडले. हे धाकटं घर. त्यांच्याही आधी कुणी कुणी बाहेर पडलेले होतेच, त्यांचीही पुढं आपसात एकी झाली होती. मग काही पिढ्यांनी धाकटं घर आणि ते आधीचे, दोघं एक झाले. पण धाकट्या घरातले मूठभर लोक म्हणाले, आम्ही नाही येत, खरं धाकटं घर आम्हीच. आणि ते कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, बरोबर आहे, तुम्ही बदलला नाहीत, तेव्हा सगळी चर्चं तुमची. आता मूठभर माणसं, त्यांना एवढ्या इमारतींत झाडू मारायला तरी जमणार का. शेवटी सरकारला कायदा करून त्या परत वाटून द्याव्या लागल्या. ह्या जागेवर तू नेहमी थांबायचास आणि हसायचास.

तुझा त्यातून काढलेला नियम असा होता की दोन मंडळ्या एक झाल्या की त्यांची एक होत नाही, पुन्हा दोनच होतात. कारण कुणीतरी बाहेर राहतंच. कॅनडात तसं झालं, आणि बाहेर राहिले ते थोडेथोडके नव्हते. अमेरिकेत गुलामगिरीच्या भांडणात उत्तर-दक्षिण फुटले ते शंभराच्या वर वर्षांनी एक झाले, तेव्हाही काही जण आधीच निघून गेलेले होते. "म्हणून सांगतो," तू म्हणायचास, "एक होणं लई अवघड. त्यापेक्षा न फुटणं सोपं हाय. विरोध लिहून द्यायचा आन जागेवर बसून राहायचं. त्यासाठीच तर ती सोय ठिवलीय."

मी म्हणायचो, मग ते स्कॉटलंडचे घरदार सोडून गेले ते चुकले का? तू म्हणायचास, ते न्हाई चुकले. मी म्हणायचो, हे कसं काय? तू म्हणायचास, ते आधी वर्षानुवर्षं भांडले, लिहून देऊन देऊन थकले, मग गेले. ह्यावर माझ्याकडं उत्तर असायचं आणि त्यावर तुझ्याकडं. माणसाला एखादी गोष्ट पटत नसेल तर त्यानं सरळ निघून जावं, आत बसून कुढू नये, असं माझं म्हणणं. निघून जाणाऱ्याला वाटतं आपण स्वच्छ झालो, पण तो आपली घाण बरोबर घेऊन जातो, असं तुझं. हे भांडण गेल्या महिन्यातही अर्धं राहिलं. तुला खोकल्याची उबळ आली आणि मी पाणी आणायला उठलो.

आता त्या दुपारकडं येतो. इतका वेळ टाळलं.

आपल्या विशीत वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्यांची ती मोठी एकी झाली. त्याच्या आधीच, आपल्या आज्यांच्या काळात, जालन्याकडचे स्कॉचांचे आणि नगरकडचे अमेरिकनांचे एकत्र आले होते. नगरकडचे म्हणजे आष्टीकडचे. त्यांच्यात सगळी मंडळीच हात वर करून ठरवते, आपल्यात वडील ठरवतात, एवढाच काय तो फरक, तो खपून गेला. मोठ्या एकीत मात्र बिशपवालेही आले. आपण तरणी पोरं, आपल्याला एकी म्हटलं की बरंच वाटायचं. आपण टाळ्या वाजवल्या. मामाही तेव्हा वाजवत होते. पुढं वीसेक वर्षांनी वरच्या, बिशपच्या ऑफिसातून पत्र आलं, तुमच्या पाळकांची बदली केली आहे, नवे पाळक अमुक तारखेला हजर होतील. वडिलांना कुणी विचारलं नव्हतं. मामांचा पारा चढला. आणि त्यांना तुझी गोष्ट आठवली.

तूच त्यांना सांगितली होतीस, कॅलेंडर मांडीवर घेऊन. जमीनदारानं पाळक नेमायचा का मंडळीनं, हे त्यांनी नीट ऐकलं होतं. मूठभर लोकांना कोर्टानं सगळी चर्चं दिली, हेही नीट ऐकलं होतं. झाडू मारायला माणसं उरली नाहीत, तिथवर यायच्या आत त्यांना बहुतेक डुलकी लागली असावी. सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, आपण जुन्या प्रेस्बिटेरियन मंडळीत परत जायचं, मोठ्या एकीतून बाहेर पडायचं, आपण बदललो न्हाई, बदलले ते. तू खुर्चीत इतका ताठ बसला होतास. ठराव टाकला. एकेक हात वर गेला. माझाही गेला. पाळक म्हणाले, ठराव मंजूर. त्याच श्वासात तुझा आवाज आला, "माझा विरोध नोंदवा."

मी नोंदवला, दानू. कच्च्या कागदावर तुझं नाव मी लिहिलं, सहावीच्या चाचणीच्या पाठकोऱ्या पेपरावर. ते मला अजून दिसतं.

दोन दिवसांनी मामांनी मला बोलावलं. ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. समोर बसवून मूठभर दाणे हातात दिले आणि म्हणाले, "शामूराव, चर्चच्या इमारतीसाठी कोर्टात जायचंय. वकील म्हणतो ठराव एकमताचा पायजे. एक जरी नाव इरोधात दिसलं तर समोरचा तेच धरून बसंल." मी म्हणालो, "मामा, त्यानं सभेत मागितलंय. नियम आहे." मामा म्हणाले, "दानूला मी सांगतो. घरातलंच हाय ते." मी दाणे खाल्ले आणि घरी आलो. पक्क्या वहीत लिहिलं, "ठराव एकमताने मंजूर." पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम झालं. त्या सभेला तू नव्हतास, कारण एस्तेरला टायफॉइड होऊन ती ॲडमिट होती. तू असतास तर मी वाचताना काय केलं असतं, ह्याचा विचार मी पुष्कळदा केलाय. मला वाटतं, मी भरभर वाचलं असतं.

मामा तुला बोलले की नाही, मला कधी कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही आणि मग मामाच गेले. वरच्यांशी चाललेलं ते कोर्टाचं प्रकरणही पुढं कुणी चालवलं नाही, तारखा पडता पडता बंद पडलं. म्हणजे ज्याच्यासाठी तुझं नाव गाळलं त्याचाही काही उपयोग झाला नाही. निम्मी वस्ती एकीबरोबर राहिली आणि शाळेच्या खोलीत उपासना करू लागली. त्यात तुझा सख्खा भाऊ होता. तो रस्त्यानं तुला बघून पलीकडं जायचा. तू मात्र आमच्यात राहिलास. पुन्हा त्याच खुर्चीवर, पुन्हा प्रत्येक ठरावाला विरोध. ते सगळे मी अगदी काळजीनं लिहिले, एकही सोडला नाही. माझं मन खात होतं, दुसरं काय.

एस्तेरच्या लग्नात आष्टीच्या एका पाहुण्यानं, तिच्या चुलतसासऱ्यानं, तुला पंगतीतच विचारलं होतं, "तुम्ही फुटलेल्यांतले ना?" तू जिलबीचा तुकडा खाली ठेवून म्हणालास, "मी विरोध नोंदवलाय. हे आमचे चिटणीस. विचारा त्यांना." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "हो, नोंदवलाय." तू वाढप्याला बोट करून माझ्या पानात जिलबी वाढायला लावलीस. मला वाटलं, भोळा आहे बिचारा.

तर एस्तेरनं मागितलं आणि मी हो म्हणून बसलो. बुधवारी दुपारी वही काढली. ते पान उघडलं. "ठराव एकमताने मंजूर," आणि खाली एक ओळ मोकळी. मी तेव्हा ती का सोडली होती कुणास ठाऊक. सवयीनं असेल. एक नाव तिथं आरामात बसलं असतं. माझं अक्षर आता थोडं थरथरतं, पण तेवढं कुणाच्या ध्यानात येणार नव्हतं. मी पेनाचं टोपण काढलं. हे तुला सांगायला हवं, टोपण काढलं होतं.

मालन मागं येऊन कधी उभी राहिली कळलं नाही. तिला मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. तुझी मेव्हणी आणि मामांची मुलगी, दोन्हीकडून तीच. मी म्हणालो, मामांनीच सांगितलं होतं मला. तिनं वही स्वतःकडं वळवून ते पान बघितलं. मग म्हणाली, "माझ्या बापाचं नाव कावून घेता मधी? लिहिलं कुनी? तुमी. आन आता बी पेन तुमच्याच हातात हाय." आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बायको इतकं थोडक्यात बोलली की माणसानं समजून जावं.

मी टोपण लावलं. वही मिटताना ती मागून उघडली गेली. शेवटच्या पानांवर तू केलेली अनुक्रमणिका आहे. फुटीनंतर वर्षभरात माझी बदली दोन वर्षं आष्टीला झाली होती तेव्हा वही तुझ्याकडं होती, आणि तू रिकामा बसणारा माणूस नव्हेस. आधीच्या सगळ्या ठरावांची यादी केलीस, ठराव कोणता, पान कितवं, मंजूर कसा. परत आल्यावर मी चाळल्यासारखं केलं, छान काम केलंस म्हणालो आणि वाचली नाही. त्या पानाच्या आसपासही मी जात नव्हतो. बुधवारी वाचली. खुर्च्यांचा ठराव, मंजूर, एक विरोध. ताऱ्याचा ठराव, मंजूर, एक विरोध. असं ओळीनं. आणि मग तुझ्या त्या सुरेख अक्षरात, "एकीतून बाहेर पडण्याचा ठराव. इतिवृत्तानुसार, एकमताने."

इतिवृत्तानुसार. सगळ्या यादीत हा शब्द एकदाच आहे. बाकी कुठल्याही ठरावापुढं तो लिहायची तुला गरज वाटली नाही.

म्हणजे तुला माहीत होतं. लग्नाच्या पंगतीत माहीत होतं. मी "हो, नोंदवलाय" म्हणालो तेव्हा माहीत होतं, आणि तू मला जिलबी वाढायला लावलीस. जेव्हा जेव्हा तू कुणाला म्हणालास, शामूला विचारा, तेव्हा तू मला संधी देत होतास आणि मी दर वेळी ती वाया घालवत होतो. मला आधी तुझा रागच आला, दानू. माणसानं एकदा तरी गचांडी धरावी. दोन शिव्या घालाव्यात, मोकळं व्हावं. तीस वर्षं तू माझ्यासमोर चहा पीत बसलास आणि एक शब्द काढला नाहीस. राग ओसरला तेव्हा उरलं ते मला सोसवेना. मी घराच्या मागं जाऊन रडलो. म्हातारपणी रडायला लागलं की नाक फार वाहतं, बाकी काही विशेष नाही.

शनिवारी वडिलांची सभा बोलावली. तरुण पाळकसाहेब, आम्ही पाच वडील. मी उभा राहून सांगितलं, त्या ठरावाला दानूचा विरोध होता, त्यानं तो रीतसर मागितला होता, मी पक्क्या वहीत लिहिला नाही. पाळकसाहेब भले माणूस. म्हणाले, "कायम झालेल्या इतिवृत्तात आता खाडाखोड करता येणार नाही, पण नवा ठराव करू. 'विरोध नोंदवायचा राहून गेला होता' असं लिहू या." मी म्हणालो, राहून गेला नव्हता. "चिटणिसाने गाळला" असं लिहा. ते म्हणाले, "सर, एवढं कशाला?" मी म्हणालो, मी चिटणीस आहे, मला कुठला शब्द काय काम करतो ते ठाऊक आहे.

ठराव टाकला. चार हात वर गेले. विल्सन हात खाली घेऊन बसला. आपला मेव्हणा, मामांचा एकुलता मुलगा, आता तोही वडील. चेहरा लाल झाला होता. म्हणाला, "दाजी, तुमी गाळला म्हणता, पर त्या टायमाला कुनाचं चालायचं हे सगळ्यांना ठाऊक हाय. तुमी आमच्या बापाला खोटं पाडायलाव. मेल्या मानसाला." त्याचं चूक नव्हतं. मी एका मेलेल्या माणसाचं नाव लावत होतो आणि दुसऱ्याचं घालवत होतो. मला वाटलं आता हा उठणार, आणि त्याच्यामागं त्याची तीन घरं उठणार, आणि तुझ्या कॅलेंडरवर अजून एक रेघ. तो उठला नाही. म्हणाला, "माझा इरोध लिवा."

मी लिहिला. कच्च्या कागदावर नाही, तिथंच, वहीत, सगळ्यांच्या देखत. "श्री. विल्सन यांनी विरोध नोंदवला. कारण, ह्या ठरावाने दिवंगत वडिलांवर ठपका येतो." वाचून दाखवला आणि विचारलं, बरोबर आहे? त्यानं वही ओढून स्वतः वाचली. "बरोबर हाय," म्हणाला. सभा प्रार्थनेनं संपली आणि उद्याच्या मांडवाचे बांबू कुठून आणायचे ह्यावर तोच बोलायला लागला.

रविवारी मी दोन्ही वाचलं, तुझा विरोध आणि विल्सनचा. आष्टीचे पाहुणे, शाळेच्या खोलीतले, आमचे, सगळे मांडवात होते. तुझा भाऊ काठी टेकत आला होता. मी मान वर केली नाही. गीत झालं, चहा झाला.

सगळे पांगल्यावर एस्तेर आली. मला वाटलं, बोलेल आता, आणि बोललीच पाहिजे. तिनं शांतपणे विचारलं, "बाबांना माहीत होतं?" मी म्हणालो, हो, पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच कळलं असणार. ती म्हणाली, "मग त्यांनी तुमच्याशी बोलणं कावून न्हाई सोडलं, काका?"

मी वही मागून उघडली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं वाचलं. दोनदा वाचलं असावं. मी म्हणालो, "तुझ्या बापानं माझ्याविरुद्ध लिहून ठेवलं होतं, बाळा. लिहिलं, आणि राहिला."